स्थैर्य कोणाचे? पृष्ठप्रभाव यान आणि नागार्जुनाचा स्वभावविचार

एखाद्या वस्तूला स्थिर म्हटले की ते स्थैर्य त्या वस्तूच्याच अंगी आहे, असे भाषा गृहीत धरते. डोंगर स्थिर असतो, ध्रुव अढळ असतो, स्थितप्रज्ञाची बुद्धी डळमळत नाही. या सर्व वाक्यांत स्थैर्य कर्त्याला चिकटलेले आहे आणि भोवतालच्या परिस्थितीचा उल्लेख कुठेही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या संयत चित्ताला निवाऱ्यातल्या दिव्याच्या ज्योतीची उपमा दिलेली आहे आणि ती उपमा बहुधा चित्ताच्या स्वतःच्या सामर्थ्याचे वर्णन म्हणून वाचली जाते. पण उपमेचे अर्धे अंग निवाऱ्याचे आहे, आणि वारा नाही म्हणून ज्योत हलत नाही ही अट ज्योतीच्या बाहेरची आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. स्थैर्य हा वस्तूचा स्वभाव आहे की वस्तू आणि तिचा परिसर यांच्यातला संबंध आहे, हा प्रश्न भारतीय दर्शनांना नवा नाही. मात्र त्याची परीक्षा घेता येईल असे एक यंत्र आता घडू लागले आहे, की ज्याचे सारे चलनवलन त्याने न स्पर्शिलेल्या आधारावर अवलंबून असते.

हे यंत्र म्हणजे पृष्ठप्रभाव यान. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘विग’ म्हणतात, तर रशियन अभियंत्यांनी त्याला ‘एक्रानोप्लान’ हे नाव दिले. विमानाचा पंख हवेतून पुढे सरकताना त्याच्या खालच्या बाजूचा दाब वरच्या बाजूपेक्षा जास्त असतो आणि या फरकामुळे विमान उचलले जाते. परंतु खालची दाबलेली हवा पंखाच्या टोकांवरून वर निसटते, तिचे भोवरे होतात, आणि ते भोवरे निर्माण करण्यात जी शक्ती खर्ची पडते ती विमानाला मागे खेचणाऱ्या बलाच्या रूपाने जाणवते, जिला ‘प्रेरित ओढ’ म्हणता येईल. पंख पाण्याच्या किंवा सपाट जमिनीच्या अगदी जवळ आला की या भोवऱ्यांना पसरायला जागा उरत नाही आणि ही ओढ घटते. वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले आकडे असे आहेत, की पृष्ठभागापासूनची उंची पंखविस्ताराइतकी असताना ही घट जेमतेम १.४ टक्के असते, उंची पंखविस्ताराच्या चतुर्थांशावर आली की ती २३.५ टक्के होते आणि दशांशावर आली की ४७.६ टक्क्यांपर्यंत जाते. वीस मीटर पंखविस्ताराच्या यानाने दोन मीटर उंचीवरून उडावे, तर प्रेरित ओढीचा निम्मा भार हलका होतो असा याचा अर्थ आहे. तलावावरून पंख जवळजवळ पाण्याला टेकवत जाणारा पाणकावळा हाच लाभ घेत असतो.

या यंत्राचा विचार नागपूरच्या परिसरातून करण्यास एक तात्त्विक आणि एक व्यावहारिक कारण आहे. व्यावहारिक कारण रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचे असून त्याचा विचार पुढे येईल. तात्त्विक कारण नागार्जुनाचे आहे. मूलमध्यमककारिकेचा हा कर्ता सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेले चरित्र त्याला दक्षिणेकडील ब्राह्मण कुळातला म्हणते, तर तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भात झाल्याचे सांगते, आणि रामटेकजवळ आजही नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. नागपूर-जबलपूर मार्गावरील मनसर येथे बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या उत्खननातील अवशेषांचा संबंध उत्खननकर्त्यांनी बौद्ध परंपरेशी जोडला. हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र त्याच अवशेषांत वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी आणि तिचे शैव देवस्थान पाहिले. वासुदेव विष्णु मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असा पक्ष नागपुरातूनच हिरिरीने मांडला होता. एकाच टेकडीवर इतक्या परंपरा हक्क सांगत असताना कोणत्याही एकीकडे तिची मालकी सोपवण्याची घाई करू नये, आणि प्रस्तुत विवेचनाला त्या निर्णयाची गरजही नाही. नागार्जुनाचा जन्म कोठेही झालेला असो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतरच्या नागपुरात प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द केवळ पोथीतला राहिलेला नाही, एवढे पुरेसे आहे.

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे अमुक असताना तमुक उद्भवणे, कारणे आणि अटी जुळून आल्यावरच वस्तू उभी राहणे. नागार्जुनाने या जुन्या बौद्ध तत्त्वातून पुढचा निष्कर्ष काढला तो असा, की जे अटींवर उभे आहे त्याला स्वतःचा असा ‘स्वभाव’, म्हणजे इतर कशाचीही अपेक्षा न ठेवता असणारे रूप, नसते; आणि स्वभावाच्या या अभावालाच त्याने शून्यता म्हटले. शून्यता म्हणजे वस्तू नसणे नव्हे. कारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी आक्षेप घेतो की सर्व शून्य असेल तर काहीच घडणार नाही, मार्ग उरणार नाही, फळ उरणार नाही. त्यावर नागार्जुनाचे उत्तर नेमके उलटे आहे, की वस्तूंना पक्का स्वभाव असता तरच काही घडले नसते, कारण ज्याला कशाचीच अपेक्षा नाही त्याच्यात बदलही होणार नाही. बौद्ध विचारात वाहनाचे उदाहरण जुने आहे. नागसेनाने मिलिंद राजाला रथाच्या चाका-आसांत रथ शोधायला लावले, चंद्रकीर्तीने त्याच रथाची सात प्रकारे झडती घेतली, आणि महायान या नावातला ‘यान’ शब्दही वाहनाचाच आहे. त्या रथाच्या जागी आता पाण्यावरून उडणारे यान ठेवून पाहण्यात परंपरेशी विसंगत असे काही नाही.

या यानाचे खरे दुखणे त्याच्या उड्डाणात नसून स्थैर्यात आहे. उंचावरून उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत रचनाकाराला मुख्यतः एकाच गोष्टीची काळजी असते: पंख हवेशी जो कोन करतो, ज्याला आघातकोन म्हणतात, तो वाऱ्याच्या झोताने वाढला तर विमानाचे नाक आपोआप खाली यावे आणि घटला तर वर जावे. पृष्ठप्रभाव यानात दुसरी एक राशी येऊन मिळते, ती म्हणजे उंची, कारण येथे पंखाचे उचलणारे बल कोनावर जसे तसेच पाण्यापासूनच्या अंतरावरही अवलंबून असते. कोन बदलल्यामुळे बलात जी भर किंवा घट होते ती ज्या बिंदूवर एकवटल्यासारखी वागते त्याला कोनकेंद्र म्हणू, आणि उंची बदलल्यामुळे होणारी भर किंवा घट ज्या बिंदूवर एकवटते त्याला उंचीकेंद्र म्हणू. १९७० मध्ये सोव्हिएत अभियंता इरोदोव्ह याने या दोन बिंदूंच्या परस्पर स्थानाची अट मांडली, जी आजही या क्षेत्रातील पहिली पायरी मानली जाते: उंचीकेंद्र कोनकेंद्राच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, असले पाहिजे.

ही अट कोरडी वाटली तरी तिचा अर्थ साधा आहे. एखाद्या झोताने यान थोडे वर उचलले गेले की पाण्यापासूनचे अंतर वाढल्यामुळे बल कमी होते, आणि ही घट उंचीकेंद्रावर जाणवते. उंचीकेंद्र पुढे असेल तर पुढचा भाग दुबळा पडून नाक खाली झुकते, कोन घटतो आणि यान पूर्वीच्या उंचीकडे परत येते. उंचीकेंद्र मागे असेल तर मागचा भाग दुबळा पडतो, नाक वर उचलले जाते, वाढलेल्या कोनामुळे यान आणखी वर चढते, पाण्याचा आधार आणखी सुटतो, आणि हे चक्र यान उलटेपर्यंत चालू राहू शकते. अडचण अशी, की साध्या आयताकृती पंखाची प्रवृत्ती या दुसऱ्या, घातक मांडणीकडेच असते. उंचीवरून उडताना पंखावरील बलाचे केंद्र पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव भागावर असते. पाण्यालगत येताना खालची हवा कोंडून जवळजवळ सर्वत्र सारखा दाब देऊ लागते आणि ते केंद्र मध्याच्या दिशेने मागे सरकते. जे यान पाण्याजवळ समतोल राहते तेच पाण्यापासून सुटताच नाक वर करते, ते याच कारणाने. डोनाल्ड कॅम्पबेल याची ‘ब्लूबर्ड’ ही वेगवान नौका ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर नाक उचलून हवेत उलटली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. ती पृष्ठप्रभाव यान नव्हती, पण आधार सुटण्याचा क्षण किती छोटा असतो हे त्या अपघाताने दाखवून दिले.

यावरचे उपाय दोन घराण्यांचे आहेत. रोस्तिस्लाव्ह अलेक्सेयेव्ह याच्या रशियन घराण्याने प्रचंड शेपटीचा मार्ग घेतला: शेपटीचा आडवा पंख इतका उंच बसवायचा, की तो पाण्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर राहील, त्यामुळे उंचीकेंद्र फारसे न हलवता कोनकेंद्र तेवढे मागे खेचले जाईल. १९६६ मध्ये प्रथम उडालेले, ९२ मीटर लांबीचे आणि जास्तीत जास्त ५४४ टन वजनाचे ‘केएम’ हे त्याचे यान पाश्चात्य हेरखात्यांना कॅस्पियन समुद्रावरचे गूढ वाटले होते; १९८० मध्ये ते अपघातात बुडाले. जर्मन अभियंता अलेक्झांडर लिपिश याने दुसरी वाट धरली आणि उलट्या त्रिकोणाच्या आकाराचा पंख घेतला, ज्याची सरळ कडा पुढे आणि निमुळते टोक मागे असते. या पंखाला पाण्याजवळ तुलनेने लहान शेपूट पुरते. एका घराण्याने स्थैर्य बाहेरून जोडले आणि दुसऱ्याने ते आकारातच मुरवले, असे म्हणण्याचा मोह येथे होतो, आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न नेमका याच मोहापाशी उभा राहतो.

कारण आकारात मुरवलेले स्थैर्य म्हणजे वस्तूचा स्वभावच नव्हे काय, असा पूर्वपक्ष येथे मांडता येतो, आणि तो मांडायला वैशेषिक दर्शन अगदी योग्य आहे. प्रशस्तपादाने गुणांची मोजणी करताना ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढे नेणारा गुण, भावना म्हणजे आत्म्यात राहून स्मृती घडवणारा गुण, आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी किंवा ताणलेले धनुष्य सोडताच मूळ स्थितीला नेणारा गुण. विचलनानंतर पूर्वस्थितीकडे परतणे, ही स्थैर्याची जी व्याख्या आजचा अभियंता देतो, तिच्याशी स्थितिस्थापकाचे हे वर्णन आश्चर्यकारक रीतीने जुळते. येथे प्राचीनांना विमानविद्या अवगत होती असा अर्थ कोणी काढू नये. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच दिलेला आहे, आणि त्या ग्रंथाच्या भक्तांनी वैशेषिकांच्या खऱ्याखुऱ्या, विचक्षण पदार्थविचाराचे नुकसानच केले आहे. वैशेषिकाचे म्हणणे एवढेच, की गुण द्रव्यात समवायाने, म्हणजे कधीही विलग न होणाऱ्या संबंधाने, राहतो. फांदीचे परतणे फांदीचेच असते, ती वाकवणाऱ्या हाताचे नव्हे. त्याच न्यायाने लिपिशच्या पंखाचे स्थैर्य पंखाचेच आहे, पाणी फक्त सहकारी कारण आहे, जसे बीजाला अंकुर फुटण्यासाठी ओल लागते म्हणून अंकुरण्याची योग्यता ओलीची होत नाही.

हा पूर्वपक्ष सहज झटकण्याजोगा नाही. पंखाचा आकार खरोखर पंखाचाच असतो. तो कारखान्यात ठरतो, पाण्यावर जाऊन बदलत नाही. परंतु उंचीकेंद्राची व्याख्या पाहिली की चित्र पालटते. कोनकेंद्र निदान भोवतालच्या हवेपुरते ठरवता येते. उंचीकेंद्र मात्र पृष्ठभागाचा उल्लेख केल्यावाचून सांगताच येत नाही, कारण उंची ही राशीच दोघांच्या मधली आहे. हेच यान तीनशे मीटर वर नेले तर त्याचे उंचीकेंद्र बिघडत नाही, ते अर्थहीन होते. फांदीचे वाकणे तिच्या दोन स्थितींमधले अंतर आहे, आणि म्हणून तिच्या परतण्याला फांदीचा गुण म्हणणे शोभून दिसते. यानाचे परतणे मात्र ज्याच्याकडे परतायचे त्या पाण्यासकटच मोजावे लागते. योग्यता पंखात आहे असे म्हटले तरी ती योग्यता ‘पाण्यापासून इतक्या अंतरावर’ या शब्दांनीच सांगावी लागते, म्हणजे तिच्या व्याख्येतच परापेक्षा शिरलेली असते, आणि ज्याच्या व्याख्येत परापेक्षा आहे त्याला नागार्जुन स्वभाव म्हणू देणार नाही.

येथपर्यंत नागार्जुनाची सरशी दिसते, पण त्याच्यावरही एक आक्षेप उरतो, आणि तो विदर्भाच्याच मातीतून घेता येतो. चक्रधरांच्या महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य आणि परस्परभिन्न पदार्थ मानले. त्यात जीव आपल्या उद्धारासाठी परमेश्वरावर अवलंबून आहे, परमेश्वर मात्र जीवावर अवलंबून नाही. अवलंबन असे एकतर्फी असू शकते, हा या विचाराचा गाभा आहे. यानाला पाण्याची गरज आहे, पाण्याला यानाची नाही. तळे यानाआधी होते आणि नंतरही राहील. मग अग्नी आणि इंधन यांच्यासारखी, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर टेकलेली, अपेक्षा येथे कुठे आहे? आधाराला तरी स्वतःचा स्वभाव आहे, असे मानायला काय हरकत आहे?

या आक्षेपाचे उत्तर वायुगतिशास्त्राच्या एका जुन्या गणिती युक्तीत सापडते. पृष्ठभागाजवळच्या पंखाचे गणित करताना पाण्याचा विचार वेगळा करत नाहीत. पाण्याच्या जागी आरसा आहे असे मानून, पंखाची उलटी प्रतिमा तितक्याच खोलीवर ठेवतात आणि मूळ पंखावर त्या प्रतिमेचा जो परिणाम होईल तोच पाण्याचा परिणाम म्हणून घेतात. समीकरणात पाणी उरत नाही, उरते ते पंखाचे स्वतःचे प्रतिबिंब. तळे यानाआधीपासून आहे हे खरे, पण आधार म्हणून ते आधीपासून नाही. पंख वरून सरकत असताना त्या दोहोंमध्ये जो दाब उभा राहतो तोच आधार आहे, आणि पंख पुढे गेला की मागे फक्त पाणी उरते. न्यायशास्त्रातल्या आधार आणि आधेय या जोडीत आधार हा आधेयाच्या आधी हजर असतो, जमिनीवर घट ठेवण्याआधी जमीन असते. येथे मात्र ठेवण्याच्या क्रियेतच जमीन जमीन होते. महानुभावांचा परमेश्वर या दृष्टान्तात बसत नाही, आणि त्याला ओढून बसवण्याचे कारणही नाही. त्यांचा प्रश्न उद्धाराचा आहे, दाबाचा नव्हे. पण पाण्यापुरते बोलायचे तर त्याचे आधारपण यानाइतकेच प्रतीत्य आहे.

याहून मनोरंजक गोष्ट उंच उडणाऱ्या विमानाची आहे, कारण सामान्य समजुतीत ते खरे स्वतंत्र असते आणि पाण्यालगत रांगणारे यान परावलंबी. न्यूटनच्या नियमांनुसार हवेत तरंगणाऱ्या प्रत्येक विमानाचे वजन अखेरीस खालच्या जमिनीवर पडतेच. विमान दहा किलोमीटर उंचीवर असेल तर तो वाढीव दाब शेकडो चौरस किलोमीटरवर इतका विरळ पसरतो की कोणाला जाणवत नाही. पण त्या साऱ्या क्षेत्रावरच्या दाबाची बेरीज केली तर ती विमानाच्या वजनाइतकीच भरते. पृष्ठप्रभाव यानात तेच वजन पंखाखालच्या काही चौरस मीटरवर एकवटते आणि म्हणून डोळ्यांना आधारासारखे दिसते. दोन्ही उड्डाणांत फरक अवलंबनाचा नाही, अवलंबन किती पातळ पसरले आहे याचा आहे. निराधार उड्डाण असे काही नसते; ज्याला स्वातंत्र्य म्हटले जाते तो बहुधा फार मोठ्या क्षेत्रावर वाटून टाकलेला, त्यामुळे विसरता येण्याजोगा, आधार असतो.

कायद्यापुढे हाच प्रश्न नावाच्या रूपाने आला. हे यान जहाज आहे, जहाज नाही, दोन्ही आहे, की दोन्ही नाही? नागार्जुनाने ज्या चार कोटी प्रत्येक सिद्धान्ताला लावल्या त्या येथे अधिकाऱ्यांच्या मेजावर ओळीने मांडल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये अंतरिम मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती दिली. त्यांत जे यान पृष्ठप्रभावातून बाहेर जाऊच शकत नाही ते ‘अ’ प्रकारचे, जे तात्पुरते पण १५० मीटरपेक्षा वर न जाता बाहेर पडू शकते ते ‘ब’, आणि जे त्याहून वर जाऊ शकते ते ‘क’, अशी वाटणी केली. यान स्वतः काय आहे, हे न विचारता ते पाण्याशी कोणता संबंध राखते हे विचारूनच त्याला जहाज म्हणायचे की विमान हे ठरवले गेले. व्यवहाराने पत्करलेले नाव पुरेसे असते, त्यामागे वस्तूचे अंतिम सत्त्व शोधू नये, हा संवृतिसत्याचा विचार सागरी कायद्याने नकळत अमलात आणला आहे.

विजेवर चालणाऱ्या यानात या संबंधाची गाठ आणखी आवळते. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील ‘रीजंट’ कंपनी बारा प्रवाशांचे, ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगाचे आणि एका भारणीत तितकेच अंतर जाणारे विद्युत यान घडवत आहे, ज्याचा प्रवास प्रथम तरंगत, मग पाण्याखालच्या पात्यांवर उचलले जात, आणि शेवटी उडत असा तीन टप्प्यांत होतो; भारतात मद्रासच्या आयआयटीत वाढलेल्या ‘वॉटरफ्लाय टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने फेब्रुवारी २०२५ च्या बंगळूर येथील एअरो इंडिया प्रदर्शनात आपला आराखडा मांडला, आणि कोलकाता ते चेन्नई हा प्रवास सहाशे रुपयांत घडवण्याचा तिचा दावा वर्तमानपत्रांत गाजला. दाव्यांचे पुढे काय व्हायचे ते होवो. बॅटरीचे गणित मात्र कोणाच्या उत्साहाने बदलत नाही. एक किलो विमानइंधनात सुमारे बारा किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर लिथियम-आयन घटाच्या एका किलोत जेमतेम पाव किलोवॉट-तास. मोटरीची कार्यक्षमता इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट धरली तरी दरी बुजत नाही, आणि म्हणूनच निम्मी प्रेरित ओढ वाचवणारा पृष्ठप्रभाव विद्युत यानाला चैनीचा नसून पोटापाण्याचा आहे. पाण्यावरून सुटताना लागणारे बल संथ उड्डाणाच्या कितीतरी पट असते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे आणि वेग वाढताना नौकेला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ ओलांडावा लागतो. ते काही क्षणांचे ओझे पेलण्यासाठी वाहून नेलेली ताकद पुढे सारा प्रवास निष्क्रिय बसून राहते.

स्थैर्याच्या बाजूने मात्र बॅटरीचा एक गुण आहे, ज्याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष होते. इंधन जळते तसे विमान हलके होत जाते आणि त्याचा गुरुत्वमध्य सरकतो. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन घटत नाही, म्हणून यान उतरताना निघतानाइतकेच जड राहते. रिकाम्या बॅटरीचे ओझे वाहणे हा तोटा आहे, पण गुरुत्वमध्य जागचा न हलणे हा इरोदोव्हच्या अटीत जगणाऱ्या यानाला मोठा दिलासा आहे. शिवाय पंखाच्या पुढच्या कडेवर ओळीने बसवलेल्या अनेक छोट्या मोटरी आपला जोर क्षणार्धात बदलू शकतात, त्यामुळे रडार किंवा लेझरने लाटांपासूनची उंची सतत मोजून संगणक दर क्षणी सुधारणा करत राहील, अशी नियंत्रणव्यवस्था शक्य होते. अशा यानाचा आकार मुळात अस्थिर असला तरी वर्तन स्थिर ठेवता येते. प्रशस्तपादाच्या यादीत स्थितिस्थापक हा शरीराचा आणि भावना हा आत्म्याचा संस्कार होता. येथे परतण्याचे काम शरीराकडून काढून स्मृतीसारख्या कशाकडे तरी सोपवलेले आहे, आणि त्या आचार्यांना ही सरमिसळ बहुधा खपली नसती. संवेदक मिठाने गंजला किंवा लाटेच्या तुषाराने क्षणभर आंधळा झाला, की ते स्थैर्यही त्याच क्षणी संपते. परापेक्षा येथेही संपलेली नाही, तिची साखळी फक्त लांबली आहे.

आता खिंडसीकडे वळता येईल. सूर नदीवरच्या मातीच्या धरणाने बनलेला हा तलाव, चंद्रपूरच्या इरई धरणाबरोबर, २०२१ मध्ये सागरमाला विकास कंपनीच्या सागरी विमानसेवेच्या संभाव्य स्थळांत गणला गेला होता. सागरी विमानाला तलाव फक्त उतरण्या-चढण्यापुरता लागतो. पृष्ठप्रभाव यानाला तो सारा प्रवासभर लागतो, आणि वळताना तर फारच. वळण्यासाठी यानाला एका बाजूला कलावे लागते. वीस मीटर पंखविस्ताराचे यान दहा अंशांनी कलले की त्याच्या पंखाचे खालचे टोक सुमारे पावणेदोन मीटर खाली येते, म्हणजे तीन मीटर उंचीवरून उडताना टोक आणि पाणी यांत जेमतेम सव्वा मीटर उरते. आणि एवढ्या कलाने ताशी १६० किलोमीटर वेगात वळायचे तर वर्तुळाचा व्यास सुमारे २.३ किलोमीटर होतो. वेग २९० वर नेला तर तोच व्यास साडेसात किलोमीटरच्या घरात जातो. टेकड्यांच्या कुशीतल्या, किनारे वाकडेतिकडे असलेल्या आणि पावसाळा-उन्हाळ्यागणिक पातळी बदलणाऱ्या जलाशयाला हे मानवत नाही. विदर्भातील जवळजवळ सर्वच तलावांची हीच गत आहे. ज्या यानाला पाण्याशिवाय क्षणभर राहता येत नाही त्याला कोणतेही पाणी चालत नाही, ते मोकळे, लांब आणि बऱ्यापैकी शांत असावे लागते, आणि असे पाणी विदर्भात नाही, ते कोकणाच्या खाड्यांपलीकडे, मुंबई आणि मांडव्याच्या मधल्या समुद्रावर वगैरे, हंगाम पाहून शोधावे लागेल.

समुद्रावर आणखी एक अपेक्षा उभी राहते, ती इतर नौकांची. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या यानांसाठी स्वतंत्र कलम घातले: पाण्यावरून सुटताना, उतरताना आणि पृष्ठभागालगत उडताना त्याने इतर सर्व जहाजांपासून पुरेसे दूर राहायचे आणि त्यांच्या मार्गात अडथळा आणायचा नाही, आणि पाण्यावर तरंगत असताना मात्र साध्या यांत्रिक नौकेचे नियम पाळायचे. वेगाने जाणाऱ्याला वाट देण्याऐवजी येथे वाट देण्याची सारी जबाबदारी वेगवान यानावरच टाकलेली आहे. खिंडसीवर पहाटे जाळे टाकणाऱ्या ढिवराचा डोंगा आणि अरबी समुद्रातली मासेमारी होडी या दोघांनाही ताशी दोनशे किलोमीटरने तीन मीटर उंचीवरून येणारी वस्तू दिसेपर्यंत हालचालीला अवसर उरत नाही. उंच उडणारे विमान हा प्रश्न वर जाऊन सोडवते. पृष्ठप्रभावातच राहणाऱ्या यानाला वर जाण्याची मुभा नाही, बाजूला वळायला दोन-अडीच किलोमीटर लागतात, आणि एकदम थांबावे तर पाणी आठशे पट दाट होऊन समोर उभे राहते. त्यामुळे त्याच्या मार्गावरचे प्रत्येक शीड, प्रत्येक जाळ्याचा बोया आणि भरती-ओहोटीने उघडा पडणारा प्रत्येक खडक त्याच्या रचनाकाराला आराखडा काढतानाच, पंखाचा आकार ठरवण्याच्याही आधी, नकाशावर मांडून घ्यावा लागतो.